ठणठणीत काकूंचा अर्ज

"जोशी-सान, एकट्या राहू न शकणाऱ्या त्या आई ह्याच का?"

ओगावा-साननी फोटो माझ्यापुढे सरकवला. फोटोत साठेकाकू ताकाओच्या डोंगरावर उभ्या होत्या. एक हात कंबरेवर, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर, डोक्यावर नातीची पिवळी टोपी. मागे बाकावर त्यांचा मुलगा दमून बसला होता.

"केबलकारने गेल्या होत्या," मी म्हटलं.

"केबलकार फोटोत दिसत नाही. दमलेला मुलगा दिसतो."

ओगावा-सान माझे बॉस. ते ग्योसेइशोशी आहेत. म्हणजे वकील नव्हे. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात ना, तेच काम. फक्त इथे त्यासाठी अवघड परीक्षा पास व्हावी लागते आणि टाय लावावा लागतो. त्यांचं ऑफिस तोक्योच्या कोतो भागात आहे. मी नवऱ्याच्या बदलीबरोबर तोक्योला आले, आधी कॉम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, तासावर काम केलं, भाषा तिथेच शिकले आणि मग ह्या ऑफिसात चिकटले. आमच्याकडे येणारे अर्धेअधिक क्लायंट आपले देशी. त्यांचं म्हणणं जपानीत आणायचं आणि ओगावा-सानचं म्हणणं मराठीत खपवायचं, ही माझी नोकरी. दुसरं काम जास्त कठीण.

आता केस सांगते. निखिल साठे ग्योतोकुला राहतो, आयटीत आहे. एकुलता एक. वडील गेले, आई ठाण्यात नौपाड्याला एकटी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकू टुरिस्ट व्हिसावर मुलाकडे आल्या आणि एक दिवस ग्योतोकु स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या खाली कोसळल्या. सून ऋजुता शेजारी होती म्हणून निभावलं. हॉस्पिटलने सांगितलं, हृदयाचे ठोके मधूनच चुकतात, शुद्ध हरपते, ह्यांना एकटं ठेवू नका. टुरिस्ट व्हिसा संपला की परत जाणं भाग. परत गेल्या की तोच तिसरा मजला, तोच गॅस, तोच जिना. निखिलची झोप उडाली होती, आणि उगाच नाही.

इथे नोकरी करणाऱ्याला बायको-मुलं आणता येतात. आईवडिलांना कायमचं आणायला मात्र सरळ दरवाजा नाही. अगदीच नाइलाज असेल, तिकडे बघणारं कुणीच नसेल, तर माणुसकी म्हणून अपवाद करतात. तो अपवाद मिळवायचा तर नाइलाज कागदावर सिद्ध करावा लागतो. आणि आपली माणसं नेमकी इथेच मार खातात.

कारण व्हिसा म्हटला की आपल्या लोकांना एकच गोष्ट माहीत: आपलं चांगलं ते दाखवायचं. बँकेत पैसे आहेत, तब्येत उत्तम आहे, घरदार आहे, शेजारीपाजारी जीव लावतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण व्हिसाच्या खिडकीपुढे इस्त्रीचे कपडे घालूनच उभे राहिलोय. निखिलने कागद ईमेल केले तेव्हा वर लिहिलं होतं, "मेधाताई, सगळं एकदम स्ट्राँग जमवलंय!"

जमवलं होतं खरंच. ठाण्याच्या डॉक्टर करंदीकरांचं सर्टिफिकेट: "वयाच्या मानाने प्रकृती उत्तम. सर्व दृष्टींनी फिट." सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरी गोखल्यांचं पत्र: "श्रीमती सुनंदा साठे ह्या एकट्या नसून आमच्या सोसायटीच्या माउली आहेत. त्यांना आम्ही कधीही काहीही कमी पडू देणार नाही." आणि काकूंच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात: "माझी काहीच तक्रार नाही. पेन्शन आहे, घर आहे, माणसं आहेत. मुलाच्या हट्टापायी अर्ज करीत आहे."

मी निखिलला फोन लावला.

"अरे, हे स्ट्राँगच आहे. हे वाचून जपान सरकार काकूंना नोकरी देईल. व्हिसा नाही देणार."

"म्हणजे काय करू? आईला आजारी दाखवू?"

"दाखवू नको. आहेत तेवढं सांग."

"तीच सांगत नाही ना, ताई! हॉस्पिटलात शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य काय, तर मी ठणठणीत आहे. त्या डॉक्टरने विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाली गेन्की, म्हणजे परत ठणठणीतच. इराने शिकवलाय तिला तो शब्द."

इरा म्हणजे निखिलची मुलगी. मराठी सगळं कळतं, उत्तरं जपानीत देते.

ओगावा-सानना मी तिन्ही कागद वाचून दाखवले. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "सगळे जण चांगलं लिहितात. मला वाईट हवं आहे, जोशी-सान. पण खरं वाईट. बनवलेलं एक अक्षर नको."

"आणि खरं कुणी सांगितलंच नाही तर?"

"तुम्ही मराठी आहात ना? मग तुम्हीच काढा."

आता ह्यात मराठी असण्याचा उपयोग काय ते त्यांनी सांगितलं नाही. रविवारी दुपारी मी तोझाइ लाइनची मेट्रो पकडून ग्योतोकुला गेले.

काकूंनी दार उघडलं ते हातात उलथनं घेऊन. "ये गं मेधा, थालीपीठ टाकलंय. ऋजुता, पंखा लाव तिच्यासाठी." मी बसते न बसते तोच समोर गरम थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. खाऊन झालं आणि मी प्लॅस्टिकचा रिकामा डबा कचऱ्यात टाकायला गेले, तर इराने माझा हात धरला. जळणारा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, हे तिने मला जपानीत खडसावून सांगितलं. काकू मागून म्हणाल्या, "माझ्यावर पण अशीच खेकसते. घरातली खरी सासू ती आहे."

मी वही काढली. "काकू, आता गंभीर बोलायचं. तुम्हाला एकटं राहायला त्रास होतो असं लिहायला हवंय."

"एकटी वगैरे काही लिहू नकोस हं. नौपाड्यात वाचलं तर लोक काय म्हणतील?"

"जपानच्या इमिग्रेशनचा अर्ज नौपाड्यात कोण वाचणार?"

"तू नौपाड्यातल्या लोकांना ओळखत नाहीस."

ते पुढे खरंच ठरलं म्हणा. मी विचारलं, ठाण्यात असताना कधी चक्कर आली होती का? छे. कधी पडलात का? काहीतरीच काय. मग हॉस्पिटलवाले सांगतात ते खोटं? "त्या दिवशी उपास होता," काकू म्हणाल्या. "पित्त झालं असेल." ऋजुताने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. त्या दिवशी नाश्त्याला डोसे झाले होते, हे तिने मला नंतर सांगितलं.

काकूंकडून काही निघेना, तेव्हा मी म्हटलं, सोसायटीच्या गोखलेकाकांनाच व्हिडिओ कॉल लावू या. पत्र बदलून मागायचं होतंच. ठाण्यात सकाळ होती. फोनवर आधी एक कपाळ दिसलं, मग चष्मा, मग पूर्ण गोखलेकाका. ऐंशी ओलांडलेले, बंडीत, आवाज खणखणीत. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या प्रधानवहिनी पेपर वाचत बसल्या होत्या. त्या रोज सकाळी पेपर वाचायला काकांकडेच येतात, म्हणजे एक पेपर वाचतो.

मी शक्य तितक्या गोड आवाजात विषय काढला. काका, पत्र फारच सुंदर आहे, पण त्यात काकू एकट्या आहेत असं थोडं...

"एकट्या?" काका उसळले. "अहो मॅडम, आम्ही मेलो का?"

"तसं नाही हो काका."

"मग कसं? सुनंदाबाईंना काही झालं तर अख्खी बिल्डिंग उभी राहील. मी सेक्रेटरी आहे. माझ्या नावावर खोटं पत्र जाणार नाही."

झालं. एकीकडे खोटं अक्षर नको म्हणणारे ओगावा-सान, दुसरीकडे खोटं पत्र नको म्हणणारे गोखलेकाका. मधे मी. मला कोंडीत पकडलं की मी जास्त गोड होते, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.

"बरोबर आहे तुमचं. मग मला जरा तपशील द्या, म्हणजे जपान्यांना नीट समजावते. समजा, काकूंना तिसऱ्या मजल्यावर चक्कर आली. पहिलं कोण धावेल?"

"मी!"

"तुम्ही कितव्या मजल्यावर?"

"तळमजल्यावर. आता जिना चढायला डॉक्टरांनी बंदी घातलीय, पण अशा वेळी चढेन की!"

"आणि तुम्ही चढेपर्यंत?"

"प्रधानवहिनी आहेत ना दुसऱ्या मजल्यावर. त्यांना नुसती हाक मारायची. काय हो वहिनी?"

वहिनींनी पेपरचं पान उलटलं.

"वहिनी!"

"काय? कोण आलंय?" वहिनींनी दाराकडे बघितलं.

माझ्या शेजारी निखिलने चेहरा ओढणीत लपवला. ओढणी ऋजुताची होती. मी मात्र चेहरा सरळ ठेवला.

"छान. मग हॉस्पिटलात कोण नेईल?"

"रिक्षाने नेऊ. आम्ही नेहमी रिक्षानेच जातो. दर महिन्याला माझी तपासणी असते, सुनंदाबाईच नेतात मला. खाली रिक्षा थांबवतात, माझा हात धरून..." काका थांबले. चष्मा काढून पुसला. "म्हणजे, त्यांना जमतं म्हणून नेतात."

"आणि औषधं?"

"माझी? त्याच भरून ठेवतात आठवड्याच्या डबीत. वहिनींच्या कानाच्या मशीनचे सेलही त्याच बदलतात. म्हणून तर आज बंद आहे ते. त्या तिकडे गेल्यापासून कुणी बदललेच नाहीत."

मी वहीत लिहीत होते. काकांना बहुधा जाणवलं की आपण भलतीकडे चाललोय, आणि त्यांनी हुकमाचं पान टाकलं.

"पण आमच्याबद्दल शंका घेऊ नका हं! दिवाळीच्या आधी त्या जिन्यात पडल्या, तेव्हा कुणी उचललं? आम्हीच उचललं! मी, दूधवाला आणि समोरचा वॉचमन."

निखिलने चेहऱ्यावरची ओढणी खाली घेतली.

"कधी पडली?" निखिलने विचारलं.

"अहो गोखले!" काकू मागून ओरडल्या. उलथनं अजून हातात होतं. "तुम्हाला शपथ घातली होती मी!"

"शपथ निखिलला सांगायचं नाही अशी होती. मी जपान सरकारला सांगतोय."

"किती वेळ पडून होती?" निखिलने फोन स्वतःकडे ओढला.

काकांचा खणखणीत आवाज खाली आला. "मला खाली ऐकू आलं नाही रे. वहिनींनाही नाही. दूधवाला आला तेव्हा कळलं. पहाटेपासून असतील बहुतेक."

निखिल उठून बाल्कनीत गेला. ऋजुता त्याच्या मागे गेली. मी काकांना म्हटलं, मी परत फोन करते, आणि स्वयंपाकघरात गेले. काकूंनी गॅस बंद केला होता. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"ओरड मला," त्या म्हणाल्या.

"मी कोण ओरडणारी? निखिल ओरडेल."

"त्याला काय सांगणार होते गं? हजारो मैलांवर बसून काय करणार होता तो? नोकरी सोडून येणार होता?" मग हळूच म्हणाल्या, "हल्ली तिकडे मी रात्री आतली कडी लावतच नाही. काही झालं तर दार फोडायला लागू नये. सागवानी दार आहे, ह्यांनी हौसेने केलेलं."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता, मी रडले. काकूंनी पदराने माझं नाक पुसलं, जसं काही मीच पडले होते.

"राहायचंय का तुम्हाला इथे, काकू? खरं सांगा. मुलाचा हट्ट सोडा."

"राहायचंय," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते तिकडे. पण हे त्या जपानी माणसाला सांगायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं."

"भीक नाही. अर्ज आहे."

सोमवारी मी डॉक्टर करंदीकरांना फोन केला. सर्टिफिकेटचा विषय काढताच ते म्हणाले, "अहो, व्हिसा म्हणालात, मी फिट लिहिलं. मी आयुष्यभर व्हिसाला फिटच लिहीत आलोय! अनफिट हवं होतं तर आधी सांगायचं!"

"अनफिट नकोय, डॉक्टर. खरं हवंय. त्यांनी तुम्हाला कधी चक्कर येते म्हणून सांगितलं होतं का?"

"त्यांनी नाही. त्यांच्या मैत्रिणीला येत होती." डॉक्टर हसायला लागले. "दर वेळी यायच्या आणि मैत्रिणीबद्दल विचारायच्या. मैत्रीण जिन्यात पडली, मैत्रिणीने दुधाचं पातेलं जाळलं. मी त्या मैत्रिणीचं बीपी तपासलं, तिचा कार्डिओग्राम काढला, तिला गोळ्या लिहून दिल्या. केसपेपर सुनंदाबाईंच्याच नावाचा आहे, काळजी करू नका. तारखांसकट पाठवतो."

हे सगळं मी ओगावा-सानपुढे ठेवलं. मैत्रिणीचा भाग जपानीत समजावताना मला दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मग कडीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अर्जाचं पहिलं वाक्य हेच," ते म्हणाले. "रात्री त्या दाराला कडी लावत नाहीत, आणि का लावत नाहीत. बाकी सगळं त्याच्या खाली."

"आणि सोसायटीचं पत्र? ते काढून टाकू ना?"

"का काढायचं? फार चांगलं पत्र आहे. ते तसंच राहू दे. फक्त त्या सर्वांचं वय, कोण किती चालू शकतं, आणि कोण कोणाची काळजी घेतं, एवढं त्यांच्याकडूनच लिहून घ्या."

बोलायला सोपं होतं. गोखलेकाकांना मी हे सांगितलं तेव्हा ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. "म्हणजे मी सुनंदाबाईंना सांभाळू शकत नाही, असं मी सही करून लिहायचं," ते म्हणाले.

"हो, काका."

"सोसायटीच्या लेटरहेडवर."

"साध्या कागदावर चालेल."

"नाही, लेटरहेडवरच लिहीन. लिहायचं तर नीट लिहावं." मग त्यांनी विचारलं, "त्या तिकडे राहिल्या तर बऱ्या राहतील ना हो?"

"राहतील."

दोन दिवसांनी पत्र आलं. आधीच्यासारखं अलंकारिक नव्हतं. "मी जिना चढू शकत नाही. सौ. प्रधान ह्यांना ऐकू येत नाही. सुनंदाबाई पडल्या तेव्हा आम्ही दोघेही घरात होतो आणि आम्हाला कळले नाही. आजवर त्याच आम्हाला सांभाळत आल्या. आम्ही त्यांना सांभाळू शकत नाही." खाली दोघांच्या सह्या, दोघांची वयं. ह्याचं जपानी करताना मी नेहमीपेक्षा सावकाश टाइप केलं.

अर्ज गेला. ताकाओचा फोटोही गेला, कारण कुटुंबाचे फोटो लागतात आणि ओगावा-सान म्हणाले की लपवलेला फोटो दाखवलेल्यापेक्षा वाईट. त्यांनी फक्त खाली "केबलकारने" असं लिहिलं. मधे एकदा इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचा ऑफिसात फोन आला, तो ओगावा-साननी स्पीकरवर घेतला. शेजारी इतका जीव लावतात असं पहिल्या पत्रात आहे, मग अडचण काय? ओगावा-सान शांतपणे म्हणाले, "दुसरं पत्र वाचलंत का? त्यातली वयं बघितलीत का?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग अधिकारी म्हणाला, कळलं. त्यानंतर बरेच आठवडे काहीच नाही. निखिल रोज मला मेसेज करायचा, मी रोज "अजून नाही" लिहायचे, आणि काकू आपण ठणठणीत असल्याचा निरोप पाठवायच्या.

परवानगी मिळाली. एका वर्षाची, दर वर्षी पुन्हा कागद दाखवायचे. काकू रेसिडेन्स कार्ड घेऊन ऑफिसात आल्या, ओगावा-सानना घरच्या चकल्यांचा डबा दिला आणि मला सांगितलं, "त्यांना सांग, पुढच्या वर्षी पण मी अशीच आजारी राहीन." मी हे जपानीत सांगितलं नाही. ओगावा-साननी चकली खाल्ली आणि विचारलं, ह्या काय म्हणाल्या? मी म्हटलं, आभार मानतात.

थोड्या दिवसांनी दुपारी फोन वाजला. भारतातला नंबर. गोखलेकाका होते. आधी सुनंदाबाईंची चौकशी झाली, मग हवेची, मग माझ्या मुलांची. वहिनींच्या मशीनला सेल घालायला आता दूधवाल्याला शिकवलंय, हेही सांगून झालं. तरी फोन ठेवेनात.

"मेधाताई," शेवटी म्हणाले, "माझा मुलगा कॅनडात असतो. तिकडेही असं काही असतं का हो? म्हणजे, अपवाद वगैरे? सहज विचारतोय."

"कॅनडाचं मला कळत नाही, काका. पण तिथेही माझ्यासारखं कुणीतरी असेलच. मुलाला चौकशी करायला सांगा."

"सांगतो. आणि कागद कुठले लागतील?"

"कागद नंतर. आधी मुलाचा फोन आला की मजेत आहे म्हणायचं बंद करा."

"ते कसं जमायचं?" काका एकदम अडखळले. "उगाच त्याला काळजी लागेल."

"लागू दे, काका," मी म्हटलं. "पहिला पुरावा तोच असतो."